धातूची तकाकी आणि तिची राखण



वसंत ऋतूतल्या या व्याख्यानांत संतवाङ्मयापासून अर्थकारणापर्यंत सारे विषय निघतात. अशा व्यासपीठावर 'प्लॅस्टिकच्या वीतभर विमानाला रोगण लावावे की न लावावे' हा प्रश्न घेऊन उभे राहणे म्हणजे श्रीखंड-पुरीच्या पंगतीत चणे-फुटाणे वाढण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. पण चण्या-फुटाण्यांचाही एक चाहता वर्ग असतो, आणि आमचा अनुभव असा की लहानशा वस्तूच्या मागे लागले म्हणजे रसायन, प्रकाश आणि इतिहास हे तिघेही हळूहळू आपल्या ओटीवर येऊन बसतात. आज आम्ही या तिघांशी आपली ओळख करून देणार आहोत.

विषयाला निमित्त झाले आमच्या गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ. सारी गल्ली त्यांना 'काका' म्हणते. आम्हीही तेच म्हणू. ऐंशी ओलांडलेले हे काका तरुणपणी नाशिकजवळच्या ओझर येथील विमानांच्या कारखान्यात कामाला होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या या कारखान्यात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मिग-२१ जातीची लढाऊ विमाने तयार होऊ लागली. काकांचे काम पत्र्याचे. विमानाच्या अंगावर पत्रा बसवायचा आणि त्याचे रिव्हेट मारायचे. पुढे २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे समारंभ होऊन मिग-२१ भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले. ती बातमी ऐकली त्याच संध्याकाळी काका काठी टेकीत आमच्याकडे आले आणि म्हणाले, "तू ती छोटी विमानं करतोस ना? मला माझं एक करून दे. पण रंगवलेलं नको बरं का! आमच्या हातातून गेलं तसं, पत्र्याचं." आम्ही हो म्हणालो. निघताना ते उंबऱ्यावर थांबून म्हणाले, "डोळ्यांना आता फारसं दिसत नाही. मी ते हातात घेऊन बघणार."

या शेवटच्या वाक्याने आमच्यापुढे केवढी अडचण उभी केली, ते काकांना ठाऊक नव्हते. प्रतिकृतीवरची धातूची तकाकी ही हात लावू नये अशीच गोष्ट आहे. ती तशी का आहे, तिचे रक्षण कसे होते, आणि कधी कधी त्या रक्षणानेच तिचा घात कसा होतो, हा आजचा विषय आहे.

खऱ्या विमानाची कातडी

विमान मुळात रुपेरी का दिसते? कारण ते ॲल्युमिनियमचे असते. आपल्याकडे जुन्या बायका ज्याला 'जर्मनची भांडी' म्हणत, तोच हा धातू. त्याचा एक चमत्कारिक गुण आहे. उघडा पडताच तो हवेतला प्राणवायू ओढून घेतो आणि स्वतःभोवती ऑक्साइडचे कवच विणतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतले तीन-चार भाग, इतकीच या कवचाची जाडी. पण ते इतके घट्ट असते की आतल्या धातूला पुढे हवा लागू देत नाही. लोखंडाचा गंज पापुद्र्याने सुटतो आणि नवे लोखंड उघडे पाडतो. ॲल्युमिनियमचा 'गंज' हाच त्याचा पहारेकरी असतो, आणि तो पारदर्शक असल्यामुळे खालची चमक झाकलीही जात नाही.

पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. त्याचे विमान होत नाही. १९०६ च्या सुमारास आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की ॲल्युमिनियममध्ये सुमारे चार टक्के तांबे आणि किंचित मॅग्नेशियम घालून ते तापवले, पाण्यात विझवले आणि काही दिवस नुसते पडू दिले, तर ते आपोआप कठीण होते. हेच ड्युराल्युमिन. त्याने विमानविद्येची सोय झाली, पण तांबे आत शिरताच धातूची गंजण्याविरुद्धची ताकद उणावली. खाऱ्या हवेत हा पत्रा आतून पोखरू लागला. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत त्यावर जो उपाय निघाला, तो आपल्या कोणत्याही गृहिणीला ऐकताच पटेल. त्यांनी पत्र्याला कल्हई केली! पितळेच्या पातेल्यावर कथलाचा हात फिरवून आपण आंबट वरण कळकण्यापासून वाचवतो. तसाच मजबूत पत्र्याच्या दोन्ही अंगांवर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटून बसवला. पातळ पत्र्यात हा थर एका बाजूस एकूण जाडीच्या सुमारे पाच टक्के असतो. या पत्र्याला 'अल्क्लाड' म्हणतात. पुढे हेच नाव प्रतिकृतींच्या एका प्रसिद्ध धातुरंगानेही घेतले.

म्हणजे उघडे दिसणारे विमान खरोखर उघडे नसते. त्याच्या अंगावर कल्हई असते, कल्हईवर ते न दिसणारे कवच असते, आणि कित्येक विमानांवर पातळ पारदर्शक रोगणाचा हातही असतो. १९४४ च्या सुरुवातीपासून अमेरिकेतल्या कारखान्यांतून बाहेर पडणारी बहुतेक बाँबफेकी व लढाऊ विमाने रंगाविना निघू लागली, ती या भरवशावरच. रंगाचे वजन वाचले, वेळ वाचला, आणि शत्रूचे हवाई बळ खचत चालल्यामुळे लपण्याची गरजही कमी झाली. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालेले एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमानही असेच रुपेरी होते. काकांची मिग विमानेही आरंभी रुपेरी अंगानेच आकाशात गेली. पुढे १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यांतल्या अनेकांवर हिरवे-तपकिरी पट्टे चढले, कारण उन्हात चमकणारे विमान धावपट्टीवर उभे असताना शत्रूला फार लांबून दिसते. काकांच्या मनात राहिले आहे ते पट्टे चढण्याआधीचे विमान.

बाहत्तरांश जग

आता प्रतिकृतीकडे वळू. या छंदात जी प्रमाणे अधिक चालतात, त्यांत १/७२ आणि १/४८ ही दोन प्रमुख आहेत. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, १/७२ प्रमाणात तो जेमतेम दहा सेंटीमीटर होतो, आणि १/४८ मध्ये सुमारे पंधरा. सुटे भाग पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. ते जोडायचे, सांधे घासून काढायचे आणि मग रंग द्यायचा.

इथे एक हिशोब आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. समजा, आपण प्रतिकृतीवर ०.०५ मिलिमीटर जाडीचा रोगणाचा थर दिला. दिसायला काहीच नाही. पण प्रतिकृतीवरची प्रत्येक गोष्ट डोळा ७२ पटीने वाचतो. त्या हिशोबाने हा थर खऱ्या विमानावर ३.६ मिलिमीटर जाडीचा झाला! एवढी जाड काच अंगावर घेऊन कोणते विमान उडेल? म्हणूनच जाड रोगण दिलेली प्रतिकृती पाकात बुडवून काढलेल्या जिलबीसारखी दिसते. पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकले आहे हे त्याला कळते.

धातूचा आभास आणण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला धातुरंगाचा. यात ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म चकत्या द्रवात तरंगत असतात. फवारा मारला की द्रव उडून जातो आणि चकत्या पृष्ठभागावर आडव्या निजतात, जशी पाचोळ्याची पाने ओल्या अंगणात सपाट चिकटून बसतात. सगळ्या चकत्या सपाट निजल्या तर त्या मिळून छोटा आरसा होतो. वेड्यावाकड्या पडल्या तर प्रकाश दाही दिशांना फाकतो आणि रंग राखाडी दिसतो. म्हणूनच चांगल्या धातुरंगात चकत्या अगदी बारीक असतात, आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट अंश अगदी थोडा असतो. जितका चिकट अंश कमी, तितकी चमक अधिक, आणि तितकीच पकड कमी. या रंगाचे सौंदर्य आणि त्याचा नाजूकपणा ही एकाच कारणाची दोन फळे आहेत.

दुसरा मार्ग वर्खाचा. मिठाईवर वर्ख लावतात तसा ॲल्युमिनियमचा पातळ कागद प्लॅस्टिकवर चिकटवायचा. चांदीचा खरा वर्ख मात्र इथे कामाचा नाही, कारण हवेतल्या गंधकाच्या वायूंनी चांदी काळवंडते. ॲल्युमिनियम तसे काळवंडत नाही. या वर्खाकडे आपण पुन्हा येऊ.

आमची पहिली चूक

काकांसाठी आम्ही प्रथम धातुरंगाचे विमान केले. प्लॅस्टिक बारीक पॉलिश कागदाने पाण्यात घासले, कारण धातुरंग ओरखडा झाकत नाही, उलट तो जगाला दाखवतो. साबणाच्या पाण्याने धुऊन तेलकटपणा काढला. चकचकीत काळ्या रंगाचा अस्तर-थर देऊन दोन दिवस वाळवला. मग कमी दाबाने, लांबून, हलके हलके फवारे मारून धातुरंग चढवला. काळ्यावर रुपेरी चढत गेले, तसे ते विमान असे उजळले की आम्ही स्वतःवरच खूष झालो.

पण ते हातात द्यायचे कसे? बोटांच्या घामात मीठ असते, आम्ल असते, तेल असते. धातुरंगावर एकदा ठसा उमटला आणि काही दिवस राहिला की तो पुसून जात नाही. चोराच्या ठशासारखा कायमचा होतो. तेव्हा आम्हांला वाटले, वरून पारदर्शक रोगण देऊ. हाताशी जे लॅकर होते ते फवारले. दिवसही श्रावणातला निघाला, बाहेर झड लागलेली. पाच मिनिटांत विमान राखाडी झाले, आणि पंखांवर दुधासारखी पांढुरकी छाया आली. काकांच्या नातवाने ते पाहिले आणि निरागसपणे विचारले, "हे ॲल्युमिनियमचं आहे की सिमेंटचं?"

झाले काय होते? एक तर लॅकरातल्या द्रावकाने खालचा धातुरंग पुन्हा पातळ केला. निजलेल्या चकत्या जाग्या झाल्या, तिरप्या उठल्या आणि आरसा मोडला. दुसरे, चकत्या रोगणाखाली बुडाल्या. आता प्रकाशाचा काही भाग रोगणाच्या वरच्या पृष्ठभागावरूनच परतू लागला, आणि त्या पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा असल्यामुळे तोही फाकला. तिसरे पावसाळ्याचे. द्रावक झपाट्याने उडते तेव्हा पृष्ठभाग थंड होतो, आणि दमट हवेतले पाणी त्यावर दवासारखे उतरते. तेच ओल्या थरात अडकून पांढुरके दिसते. कोकणात आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी तरी जून ते सप्टेंबर या काळात लॅकरचा फवारा बासनात बांधून ठेवावा.

मंद रोगणाची गोष्ट तर विचारूच नका. त्यात प्रकाश फाकवण्यासाठीच बारीक कण घातलेले असतात. कापडावर, लाकडावर ते शोभते. धातूवर ते देणे म्हणजे आरशाला चुना लावणे होय.

चमच्याची परीक्षा

ठेच लागली की शहाणपण येते. त्यानंतर आम्ही जी पद्धत धरली ती इतकी सोपी आहे की आपण पहिल्या दिवशीच का धरली नाही, याची लाज वाटते. लग्नकार्यात आइसक्रीमबरोबर मिळणारे प्लॅस्टिकचे चमचे आम्ही धुऊन ठेवतो. चमच्याची पाठ विमानाच्या अंगासारखीच गोल असते. तिच्यावर आधी अस्तर, मग धातुरंग द्यायचा आणि तो दोन दिवस वाळू द्यायचा. मग एक चमचा तसाच ठेवायचा, दुसऱ्यावर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रोगण, तिसऱ्यावर लॅकर, असे निरनिराळे हात द्यायचे. आणखी दोन दिवसांनी तीन परीक्षा घ्यायच्या : अंगठ्याने घासून पाहायचे, चिकटपट्टी लावून ओढायची, आणि खिडकीच्या उजेडात एकमेकांशेजारी धरून चमक ताडून पाहायची.

अशा परीक्षेतून आमच्या पदरी जे पडले ते असे. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रोगण धातुरंगाला सर्वांत कमी दुखावते, कारण त्यातले पाणी त्या चकत्यांना उठवीत नाही. हा शोध काही आमचा नव्हे. 'फ्यूचर' या नावाने अमेरिकेत विकला जाणारा फरशीचा पॉलिश तिकडच्या हौशी लोकांनी वर्षानुवर्षे याच कामाला वापरला. तोही ॲक्रिलिकच होता. त्या नावाने तो आता मिळत नाही, पण त्या जातीची रोगणे प्रतिकृतींसाठी मिळतात. त्यांचा एक हात, फार तर दोन, आणि तेही अगदी पातळ. तरीसुद्धा थोडी चमक जातेच. शंभर नंबरी रक्षण आणि शंभर नंबरी तकाकी ही दोन्ही एकाच बाटलीत मिळत नाहीत, हे सत्य आपण आधीच मान्य केलेले बरे.

मग पुष्कळ जाणकार काय करतात? ते रोगण देतच नाहीत. ते कामाचा क्रमच असा लावतात की रक्षणाची गरज कमी पडावी. रंगीत पट्टे, वैमानिकाच्या डोळ्यांपुढचा काळा भाग, हे सारे आधी रंगवायचे आणि वाळल्यावर झाकायचे. धातुरंग शेवटी द्यायचा. म्हणजे चिकटपट्टी धातूला शिवतच नाही. जिथे शिवणे टळत नाही, तिथे पट्टी आधी आपल्या तळहाताला दोन-तीनदा चिकटवून तिचा जोर मोडायचा, आणि काढताना ती वर न उपटता स्वतःवरच उलटी दुमडून सावकाश सोलायची. चक्रे आणि क्रमांक यांच्या चित्रपट्ट्यांना खाली गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. धातुरंगाचा पृष्ठभाग मुळातच गुळगुळीत असल्याने त्यांना वेगळ्या रोगणाची फारशी गरज पडत नाही. पत्र्यांच्या सांध्यांत काळसर रंग भरायचा असेल तर मात्र चमच्याची परीक्षा पुन्हा द्यावी, कारण रंग पातळ करणारे तेलही कधी कधी धातुरंग उचलते. आणि काम चालू असताना हातात सुती मोजे घालावेत. बायकोने विचारले की 'हे कसले सोवळे?' तर सांगावे की सोवळेच आहे.

मात्र आमच्या प्रश्नाला यातून उत्तर मिळेना. रोगण न देता दुसरे विमान केले, ते काकांच्या हाती दिले. त्यांनी मोठ्या प्रेमाने ते चाचपले. पंधरा दिवसांनी आम्ही पाहिले तर पाठीवर पाची बोटे उमटलेली, आणि पंखांच्या कडांना काळे अस्तर उघडे पडलेले. काकांना ते दिसत नव्हते. पण घरातल्या कुणीतरी त्यांना सांगितले असावे, कारण त्यानंतर ते विमान त्यांनी कपाटात ठेवले आणि पुन्हा हातात घेतलेच नाही. आम्हांला याचे फार वाईट वाटले. ज्या वस्तूचे रक्षण करण्यासाठी तिच्या धन्यानेच तिला शिवायचे सोडले, ते रक्षण कसले?

वर्खाचे विमान

तिसरे विमान आम्ही १/४८ प्रमाणात केले, बोटांना ओळखू येईल एवढे, आणि ते वर्खाने मढवले. या कामासाठी मुद्दाम केलेला, पाठीला गोंद असलेला ॲल्युमिनियमचा वर्ख परदेशी कंपन्या विकतात. पण स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळायला जो कागद वापरतो त्यानेही काम होते. त्या कागदाची एक बाजू चकचकीत आणि एक मंद असते, हे आपण पाहिले असेल. कारखान्यात शेवटच्या लाटणीला दोन पदर एकत्र लाटतात. रुळाला लागलेली बाजू चमकते, पदराला पदर लागलेली मंद राहते. निर्मात्याच्या या सोयीचा आम्हांला आयता लाभ होतो. खऱ्या विमानाचे सगळे पत्रे एकसारखे चमकत नाहीत. शेजारशेजारच्या पत्र्यांच्या छटा वेगळ्या असतात. म्हणून एका पत्र्याला चकचकीत बाजू वर, शेजारच्याला मंद बाजू वर, असे आलटून पालटून लावले की छटा आपोआप साधतात.

रीत अशी. कागदाच्या पाठीला वर्ख चिकटवण्याचा पातळ गोंद लावून तो चिकट होईतो सुकू द्यायचा. पत्र्याच्या आकाराहून किंचित मोठा तुकडा कापून ठेवायचा, मधून कडांकडे कापसाच्या बोळ्याने दाबत जायचे, मग गुळगुळीत लाकडी काडीने घोटायचे. नव्या पात्याने सांध्याच्या रेषेवरून हलकेच कापून जादा भाग सोलून काढायचा. पाते जुने असेल तर कागद फाटतो. इथे काटकसर करू नये. पोटाच्या आणि नाकाच्या दुहेरी गोलाईवर सुरकुत्या पडतात, तिथे लहान लहान तुकडे घ्यावेत. नाकातला शंकू आणि शेपटीच्या टोकाचा तुकडा यांना वर्ख लावायचा नाही. रडारच्या आणि बिनतारी लहरींना वाट मिळावी म्हणून खऱ्या विमानातही ते अधातूचेच असतात, आणि रंगवलेले असतात.

हे काम चाळीस-पन्नास तुकड्यांचे आणि तीन आठवड्यांच्या संध्याकाळींचे आहे. पण पदरी काय पडते पाहा. हा धातूचा आभास उरत नाही. हा खरोखरचा धातू आहे. त्याला मघाशी सांगितलेले ते अदृश्य कवच आपले आपण येते. बोट लागले तर मऊ फडक्याने पुसता येते. रोगण लागत नाही, म्हणून चमकही जात नाही. ओरखडा आणि पोचा मात्र याला लवकर पडतो, हे कबूल केले पाहिजे. पण पोचा खऱ्या विमानालाही पडतोच.

पोटातला आणि कपाटातला शत्रू

बाहेरची राखण झाली तरी काम संपत नाही. मिग-२१ च्या प्रतिकृतीला तीन चाके, आणि वजन मागे. नाकात भार घातला नाही तर ती शेपटीवर बसते. पुष्कळ जण नाकात शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात कालवून भरतात. हे मोठे घातक आहे. पांढऱ्या गोंदातून हळूहळू सुटणारे ॲसेटिक आम्ल शिशाला खाते, शिशाचा पांढरा क्षार तयार होतो, तो मूळ शिशापेक्षा जास्त जागा मागतो, आणि काही वर्षांनी नाक आतून उकलते. बाहेरची तकाकी जपता जपता आतून घर फुटावे, तसा हा प्रकार. म्हणून नाकात लोखंडी छर्रे किंवा नट घालावेत आणि ते इपॉक्सीने बसवावेत.

कपाटाविषयी तीन गोष्टी. ताज्या लाकडाच्या कपाटातूनही तसलीच आम्ले वाफेने सुटतात. नवे कपाट काही महिने उघडे टाकून हवा खाऊ द्यावे, आणि काचेच्या फटी बुजवताना शिरक्याचा वास येणारे सिलिकोन वापरू नये. दुसरे, कपड्यांच्या सवयीने तिथे डांबरगोळ्या टाकू नयेत. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडते. कसरीपासून वाचवायला जावे आणि विमानच वितळावे! तिसरे, ऊन. उन्हाने चित्रपट्ट्या आणि काही रोगणे पिवळी पडतात. म्हणून काचेचे कपाट खिडकीसमोर न ठेवता आडबाजूस ठेवावे, पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी टाकावी, आणि धूळ झटकायला चित्रकाराचा मऊ केसांचा कुंचला वापरावा. फडके वापरायचे ते बोटांचे डाग पुसायला, आणि तेही कुंचल्याने धूळ काढून झाल्यावरच. नाहीतर फडक्याखाली धुळीचे कण फिरतात आणि वर्खावर रेघा उठतात.

शेवट

तिसरे विमान घेऊन आम्ही काकांकडे गेलो, आणि आधीच बजावून सांगितले, "काका, हे खुशाल हाताळा. डाग पडला तर पुसता येतो." त्यांनी ते मांडीवर घेतले. बराच वेळ काही बोलले नाहीत. बोट नाकापासून शेपटीकडे सरकत होते, आणि सांध्यावर आले की थांबत होते. पंख जिथे धडाला मिळतो तिथे थांबून ते म्हणाले, "इथं हात शिरत नसे. बारक्या हाताचा माणूस लागे. तेव्हा माझा हात बारका होता." मग त्यांनी आपला सुरकुतलेला, जाड झालेला हात पुढे धरून नातवाला दाखवला. नातवाने विचारले, "आजोबा, मी हात लावू?" काका म्हणाले, "लाव की. पत्रा आहे तो."

आज त्या विमानाच्या डाव्या पंखावर एक बारीक पोचा आहे. तो नातवाच्या हातचा. तो तुकडा सोलून नवा वर्ख लावून द्यायला आम्ही तयार होतो. काकांनी नको म्हटले.

श्रोतेहो, राखण कशी करावी याची कृती आम्ही सांगितली. पण कृतीच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा, असे आम्हांला या तीन विमानांनी शिकवले. ही वस्तू कुणासाठी राखायची आहे? डोळ्यांसाठी असेल तर ती रोगणाविना काचेत ठेवा आणि दुरून पाहा. प्रदर्शनांतून ने-आण करायची असेल तर ॲक्रिलिकचा एक पातळ हात द्या आणि थोडी चमक जाऊ द्या. आणि ती हातांसाठी असेल, तर हात सोसेल अशाच साहित्याची ती मुळापासून करा. उत्तर प्रत्येकाचे वेगळे येईल. पण ते बाटली उघडण्यापूर्वी ठरवा, आणि त्याआधी एक चमचा रंगवून पाहा.